किमान एक

"जातीचं नाव जातीला नसतं गो," आयरे सरांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "ते एका देहाला असतं."

म्हणजे असं. कुणाला नवा बेडूक किंवा नवा विंचू सापडला, की त्यातला एक जीव मारून बाटलीत ठेवायचा, त्याच्यावरून वर्णन लिहायचं आणि नाव त्या बाटलीला बांधून टाकायचं, कायमचं. पुढे शंभर वर्षांनी कुणाला तसाच प्राणी मिळाला तर त्याने या बाटलीशी जुळवून बघायचं. जुळला तर तेच नाव. या पहिल्या जिवाला मूळ नमुना म्हणतात, आणि आमच्या संग्रहालयात त्याच्या बाटलीच्या गळ्यात लाल दोरी असते. आग लागली तर आधी लाल दोरीच्या बाटल्या बाहेर काढायच्या आणि मग माणसं, असा सरांचा विनोद होता. विनोदच होता असं मी धरून चालते.

अशा एकशे बारा बाटल्या आमच्याकडे होत्या. त्यातली एक नीरजाची.

नीरजा ही सरांची मुलगी. १९९९च्या पावसाळ्यात कातळोशी गावात, आजोळच्या शेणाच्या खड्ड्याजवळ तिला एक देवगांडूळ सापडलं. देवगांडूळ म्हणजे ना गांडूळ ना साप. बेडकाच्या नात्यातला, बिनपायांचा, जवळजवळ आंधळा प्राणी, जन्मभर मातीखाली राहतो. लोक सापाचं पिल्लू समजून ठेचतात. दहा वर्षांच्या नीरजाने ते डब्यात घालून बाबांकडे आणलं आणि बजावलं, "बाबा, हिला कापायचं नाही हं." दोन दिवसांनी ते डब्यातच मेलं. सरांनी अंगावरची वळी मोजली, एकशे एकेचाळीस. जगातल्या कुठल्याच पुस्तकात एकशे एकेचाळीस वळ्यांचं देवगांडूळ नव्हतं. सर वर्णन लिहायला बसले आणि त्याच ऑक्टोबरात मेंदूज्वराने नीरजा गेली.

जातीचं नाव त्यांनी ठेवलं गेगेनिओफिस नीरजाए. शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि मग आपलं नाव. आडनाव त्या प्राण्याच्या कुटुंबाचं होतं. पुढचं तिचं.

आता यात एक चूक झाली होती, आणि ती आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. नमुना फॉर्मलीनमध्ये घालण्याआधी मांडीचा किंवा काळजाचा छोटा तुकडा कापून तो वेगळा, अल्कोहोलमध्ये ठेवायचा असतो. कारण फॉर्मलीनने देह टिकतो पण आतली जनुकं शिजलेल्या अंड्यासारखी घट्ट होऊन बसतात, पुन्हा वाचता येत नाहीत. सरांना हे माहीत होतं. वर्गात ते हेच शिकवायचे. पण पोरीने कापू नका म्हणून सांगितलं होतं आणि आता पोर नव्हती. तोवर बर्फात ठेवलेलं ते देवगांडूळ त्यांनी अख्खंच्या अख्खं फॉर्मलीनमध्ये सोडलं.

बाटलीतला द्रव हळूहळू उडतो. महिन्या-दोन महिन्यांनी भर घालावी लागते, नाहीतर नमुना सुकून चिंच होतो. निवृत्तीनंतर बावीस वर्षं सर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला यायचे, बाकीच्या बाटल्यांवर शिपायासारखी नजर टाकायचे आणि नीरजाच्या बाटलीत स्वतःच्या हाताने भर घालायचे. ब्याऐंशीव्या वर्षी हात थरथरायचा, चार थेंब टेबलावर सांडायचे, तरी मी कधी "द्या सर, मी घालते" म्हणाले नाही. मी नीरजाच्याच वयाची. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला दर दिवाळीला साडी घ्यायच्या आणि का घेतात ते दोघींपैकी कुणीच बोलायचं नाही.

मग ते यंत्र आलं.

आम्ही त्याला तलाठी म्हणायचो, कारण ते सगळ्यांची नोंद ठेवायचं. प्रत्येक ओढ्यावर एक बोटभर जाडीची नळी. दर पंधरवड्याला ती घोटभर पाणी ओढून घेते. पाण्यात काय नसतं? बेडकाची कात, माशाची लाळ, मातीतून पाझरून आलेला कुणाच्या तरी कातडीचा कण. यंत्र त्या कणांतली जनुकं वाचतं आणि सांगतं, या ओढ्याच्या खोऱ्यात कोण कोण राहतं. जनुकांत माणसागणिक असतो तसा प्राण्यागणिक थोडा फरक असतो, त्यावरून निदान किती वेगवेगळे जीव आहेत तेही सांगतं. अहवालात शेवटचा रकाना असतो: किमान व्यक्ती.

ओळखीची जात असेल तर यंत्र नाव लिहितं. अनोळखी असेल तर क्रमांक देतं. ज्याने नाव ठेवलं तो हयात असेल तर त्याच्या फोनवर दर पंधरवड्याला त्याच्या जातीची खबर पाठवायची, अशी सोयही कुणा भल्या माणसाने करून ठेवली होती. क्रमांकांची खबर मात्र कुणालाच जात नाही. ते कागद फक्त माझ्याकडे यायचे.

२०४१ साली जीवनोंद मंडळाने फर्मान काढलं. प्रत्येक जुन्या नावाचा मूळ नमुना यंत्राला वाचायला द्या. वाचता आला तर नाव पक्कं. नाही आला तर ३१ ऑक्टोबरनंतर नाव संशयितांच्या यादीत आणि प्राणी क्रमांकावर. प्राण्याचं त्यात काही बिघडत नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. क्रमांकालाही नावाइतकंच संरक्षण होतं. जाणार होतं ते फक्त नाव.

नीरजाच्या बाटलीतला कण मी तीन वेळा यंत्राला दिला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, वाचता येत नाही.

मी सरांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "नियम बरोबर आहे. मी असतो मंडळावर तरी हाच केला असता."

"सर, पण..."

"चूक माझी गो. कापायला हवं होतं. दहा वर्षांच्या पोरीचं ऐकून कुणी विज्ञान करतं का?" ते हसले. ते हसणं मला बघवलं नाही.

काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "तीन वेळा मंडळात फोन केला त्यांनी. नाव कधी काढणार, किती वाजता काढणार, हेच विचारत होते. पोरीचं दुसरं काही राहिलेलं नाही गो आमच्याकडे. फोटो पुराच्या पाण्यात गेले."

मी पायरीवरूनच परत फिरले. एक वाट होती, आणि ती सरांनाही माहीत होती. मूळ नमुना निकामी झाला तर त्याच गावातला, तंतोतंत जुळणारा दुसरा प्रौढ जीव त्याच्या जागी ठेवता येतो. कातडीवरून फिरवलेला कापूस चालत नाही, अंडं-पिल्लू चालत नाही. देह लागतो, पुरता वाढलेला, वळी मोजता येतील असा.

"दुसरा आणला तर?" मी विचारलं.

सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो विचारू नये असं मला वाटत होतं. "कातळोशीला तुझी नळी आहे ना? किती राहिलेत तिथे?"

कातळोशीच्या व्हाळावर, म्हणजे तिथल्या ओढ्यावर, पाच वर्षांपासून एक क्रमांक येत होता, को-४४१७, जात कुठल्यातरी देवगांडुळाची. ती नीरजाचीच हे मला आतून ठाऊक होतं, पण यंत्राला आतलं चालत नाही. जिल्ह्यातल्या दुसऱ्या एकाही नळीने तो क्रमांक कधी दिला नव्हता. पहिल्या वर्षी रकान्यात होतं, किमान तीन. मग दोन. आणि गेली दीड वर्षं: किमान एक.

"पुष्कळ असतील," मी म्हणाले.

"नक्की?"

"यंत्र किमान सांगतं, सर. जमिनीखाली किती असतील कोण जाणे."

हे खोटं नव्हतं, असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं. किमान हा शब्द आम्हा लोकांना फार सोयीचा आहे. एक दिसला की मागे शंभर असणार, असं धरूनच आम्ही दोनशे वर्षं बाटल्या भरत आलो. तलाठी यायच्या आधी ते निदान माहीत नसल्यामुळे क्षम्य तरी होतं.

"मग आण," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता.

सप्टेंबर संपत आला होता, पाऊस ओसरलेला. कातळोशीत आता सहा घरं उघडी होती. नीरजाच्या आजोळच्या वाडीची राखण पारूकाकी गुरव करायच्या, सत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या. त्यांनी माझ्या हातातलं खोरं बघितलं.

"खंय खणतलंस?"

"शेणाच्या खड्ड्याजवळ. देवगांडूळ हवंय, काकी."

"पयलां खूप मिळायची. आता माका दिसाक नाय त्येका पाच वर्सां झाली." मग थोड्या विचाराने, "पोफळीच्या मुळात बघ. थंय ओल आसा."

तीन दिवस मी खणलं. काही मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या संध्याकाळी मला सुटल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी सकाळी पोफळीखालचा एक जांभा दगड उलटला आणि खाली ती होती.

जांभळट राखाडी, हातभर लांब. वेटोळं करून बसलेली, आणि वेटोळ्याच्या आत वाटाण्याएवढी पांढरट अंडी, माळेसारखी एकात एक अडकलेली. अकरा होती. दगड उचलला, ऊन पडलं, तरी ती पळाली नाही. देवगांडुळाची मादी अशीच बसते, दोन-अडीच महिने, काही न खाता. तिच्या कातडीतून एक स्राव पाझरतो, त्यानेच अंड्यांना बुरशी धरत नाही. ती उठली की अंडी गेली.

पारूकाकी माझ्या खांद्यावरून वाकल्या. "अगो, पोरां पोटाखाली घेवन बसलीहा ती. सोड तिका."

"काकी, ही जगातली..."

"माका तुझा शास्त्र कळणा नाय. सोड म्हटलंय."

मी काय काय मनाशी म्हटलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. अंडी आहेत म्हणजे नर आहे. नर आहे म्हणजे एकाहून जास्त आहेत. अंडी मी ओल्या शेवाळात ठेवीन, अकरातली पाच तरी वाढतील, ती इथे आणून सोडीन. आणि सर ब्याऐंशी वर्षांचे आहेत. यातलं शेवटचं तेवढं खरं कारण होतं, बाकीची मी त्याच्याभोवती गोळा केली.

मी तिला उचललं. पारूकाकी घरात गेल्या आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

पडवीत बसून मी स्टीलच्या डब्यात भुलीच्या औषधाचं पाणी केलं. वेदना होत नाहीत, असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, आणि ते खरं आहे. पण पाण्यात सोडल्यावर ती पुन्हा पुन्हा वेटोळं करत होती. डब्याच्या तळाशी काहीच नव्हतं. ती रिकाम्या जागेभोवती अंग वळवायची, शेपटाकडून डोक्याकडे चाचपायची, आणि पुन्हा वळवायची. सहा-सात मिनिटं. मी उठून गेले नाही, कारण तेवढंही केलं नसतं तर माझ्यात काय राहिलं असतं? मग ती थांबली. मी रडतरडतच काळजाचा तुकडा कापला आणि अल्कोहोलच्या कुपीत टाकला. या वेळी कापायला विसरले नाही.

नमुना घट्ट व्हायच्या आधी ताटलीत सरळ करून टाचण्यांनी बसवतात, म्हणजे मोजमापं घेता येतात. तिला मी चार वेळा सरळ केलं. चारही वेळा ती पुन्हा वळली. शेवटी तसंच ठेवलं आणि वळी वाकडीच मोजली. एकशे एकेचाळीस.

यंत्राने तो तुकडा नऊ मिनिटांत वाचला. पडद्यावर को-४४१७ हा क्रमांक होता तो पुसला गेला आणि त्या जागी अक्षरं उमटली, गेगेनिओफिस नीरजाए, आयरे, १९९९. नाव पक्कं. मी खुर्चीत बसून टाळी वाजवली. खोलीत कुणी नव्हतं.

अंड्यांना तिसऱ्या दिवशी बुरशी धरली. मी कुंचल्याने पुसत होते, पाणी बदलत होते, पण रोज दोन-तीन जात होती. सहाव्या दिवशी एकही राहिलं नाही. निदान बाप कोण ते कळेल, नर किती वेगळा होता ते कळेल, म्हणून मी एकेक अंडं यंत्राला दिलं. अकराही अंड्यांचं उत्तर सारखं होतं. फक्त आईची जनुकं. नराचा अंश नाही. गर्भ धरलेलाच नाही.

नर नव्हता. कदाचित दोन-तीन वर्षं नव्हता. तरी तिने अंडी घातली होती आणि ती त्यांच्यावर बसली होती.

त्याच आठवड्यात कातळोशीच्या नळीचा अहवाल आला. शेवटच्या रकान्यात शून्य होतं.

अठरा ऑक्टोबरला सरांचा फोन आला, मंडळाचं पत्र मिळालं म्हणून. "नवी बाटली घेऊन ये. दोरी मी बांधणार." मी गेले. काकूंनी आंबोळ्या केल्या होत्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं, नवं पातळ नेसल्या होत्या. पत्रावरचं नाव सरांनी मोठ्याने वाचलं आणि मग काकूंनी त्याच्यावरून बोट फिरवलं, एकदा आडनावावरून आणि दोनदा पुढच्या नावावरून. एवढ्या वर्षांत मी त्या दोघांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. तिथेच उठून निघून आले असते तर बरं झालं असतं.

सरांनी बाटली उजेडाला धरली, भिंग लावलं. बघता बघता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"सरळ का नाही केलीस?"

"होत नव्हती, सर."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ही बसलेली होती."

मी मंडळाच्या पत्राची घडी घातली.

"तिच्याखाली अंडी होती, आणि तू उचललीस. मला सांगितलं नाहीस." ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "बाकी किती आहेत तिथे? किमान किती, ते सांग. पुष्कळ म्हणू नकोस."

"शून्य."

"तू गेलीस तेव्हा?"

"एक, सर. दीड वर्षं एकच होतं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात आंबोळीचं ताट. त्यांना शास्त्रातलं काही कळत नव्हतं, पण इतकं कळलं. त्यांनी ताट तिथेच खाली ठेवलं.

मग मी शेवटची पळवाट काढली. "सर, अंडी रिकामी होती. गर्भ नव्हताच. मी यंत्रात बघितलं. मी आणली नसती तरी त्यांतून काही निघणार नव्हतं. ती उगाचच बसली होती."

सरांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. त्यांनी टेबलावरची जुनी बाटली जवळ ओढली, नीरजाने आणलेली, मी सोबत नेलेली. तिच्या गळ्यातली लाल दोरी आता सोडायची होती, नियम होता. त्यांच्या बोटांना गाठ सुटेना. मी पुढे झाले नाही.

"रिकामी आहेत हे तिला कुठं माहीत होतं?" ते म्हणाले. बऱ्याच वेळाने गाठ सुटली. "आणि असतं माहीत, तरी उठली असती का गो ती? बसू द्यायचं होतंस तिला."

दोरी त्यांनी नव्या बाटलीला बांधली. शास्त्रज्ञ होते, नियम पाळला.

जुनी बाटली आता कुणाचीच नाही. मी ती खालच्या कप्प्यात ठेवली आहे आणि दर पहिल्या तारखेला दोन्हींत भर घालते, कारण सर आता येत नाहीत. त्यांची नजर पार गेली. दिवाळीला साडी आली नाही, आणि येऊ नयेच.

पण नाव पक्कं झालं आहे आणि नाव ठेवणारा हयात आहे. त्यामुळे दर पंधरवड्याला कातळोशीच्या नळीची खबर सरांच्या फोनवर जाते. मी मंडळाला लिहून ती बंद करवून घेऊ शकत होते. विचारायला गेले तेव्हा सर म्हणाले, "नको. येऊ दे."

दिसत नाही म्हणून काकू वाचून दाखवतात. त्यांना आडनाव नीट उच्चारता येत नाही, ते त्या सोडून देतात आणि एवढंच वाचतात, "नीरजा. आढळ नाही."